मुकी खुर्ची

४ मार्च

प्रिय घाईराव,

"माननीय अध्यक्ष, सामाईक मंडळ" असा मायना लिहिताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही? जिची वेणी खिडकीच्या गजाला बांधून तू पळाला होतास, ती आता माननीय झाली. सहा वर्षांत मला तुझी एक ओळ नाही. नानांना दर रविवारी फोन करतोस. मी उचलला तर "नाना आहेत का?" एवढंच विचारतोस, जशी मी कुठल्या कचेरीतली ऑपरेटर आहे. आणि आता पत्र आलं ते मंडळाच्या नावाने. विषय: 'अंदाज' हा कोड सामाईकात घेण्याबाबत. खाली, आपला नम्र.

नम्र हा शब्द ऐकून नाना इतके हसले की त्यांचा चष्मा खाली पडला. दिसत काहीच नाही, तरी चष्मा घालतात. त्याशिवाय भूगोलाचा मास्तर असल्यासारखं वाटत नाही म्हणे.

मंडळाचं उत्तर मंडळाच्या कागदावर येईल. हे पत्र ताईचं आहे.

तू गेल्यावर नियम सैल झाले असतील अशी तुझी समजूत असेल तर ती काढून टाक. नानांची नजर गेली, त्यांना छापील मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम आपण दोघांनी जेवणाच्या टेबलावर बसून लिहिला, आणि तो जगाला मोकळा करून दिला. मग ग्रंथपाल बाईंनी तो पुस्तकांसाठी नेला, केमिस्टने औषधांच्या बाटल्यांसाठी, पाट्यावाल्या बाईने रस्त्यावरच्या पाट्यांसाठी. प्रत्येकाने तो आपल्या कामापुरता वाढवला, प्रत्येकाचं घर वेगळं उभं राहिलं. जे सगळ्या घरांना लागतं तेवढंच एका जागी ठेवायचं, कुणीही न्यावं, कुणीही दुरुस्त करून परत आणून द्यावं, म्हणून 'सामाईक' काढलं. त्याच्या दारावरचे दोन नियम तुझ्याच अक्षरात आहेत. पहिला, तीन घरांना ज्याची आपापली वेगळी गरज पडली तेच आत येईल. दुसरा, मुकी खुर्ची. कोडमध्ये कुणीतरी मुद्दाम एक चूक पेरायची, दुसऱ्या घरच्या माणसाने ती नुसता कोड वाचून शोधायची, आणि ज्याने कोड लिहिला त्याने, चूक कुठे आहे हे आधी दाखवलेलं असूनही, तोवर टेबलाकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून गप्प बसायचं. बोलला तर अर्ज पडला. खोकलासुद्धा धरतो आम्ही.

कारण साधं आहे. लिहिणारा शेजारी बसून समजावत असेल तेव्हाच जो कोड कळतो, तो त्याचा खासगी कोड. तो कितीही सुंदर असो, सामाईक नाही.

सहा वर्षांपूर्वी तू 'अंदाज' पहिल्यांदा आणलास तेव्हा ग्रंथपाल बाई चुकीच्या जागी शोधत होत्या आणि तू खुर्चीतून उसळून म्हणालास, "अहो, तिथे नाही, वर बघा." अर्ज पडला. तू माझ्याकडे पाहिलंस, की ताई अध्यक्ष आहे, ती सांभाळून घेईल. ताईने सांभाळून घेतलं नाही. आजही घेणार नाही.

आणि आता तर माझी तक्रार खुर्चीपुरतीही नाही. गेल्या महिन्यात नानांनी आळस केला. औषधाचा प्रोग्राम उघडायचा सोडून हाताशी असलेला ग्रंथालयाचाच प्रोग्राम डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीसमोर धरला. पाणी लागून आकडा पुसट झालेला. ग्रंथालयाच्या घरात तुझा 'अंदाज' अजून मुक्कामाला आहे, तो पुसलेलं स्वतःच भरून काढतो. प्रोग्राममधल्या त्या वाचणाऱ्या बाईसाहेब अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "रोज आठ थेंब." नाना म्हणाले, "बाईसाहेब, काल तर तीन होते." मग त्यांनी बाटली खाली ठेवली आणि मला हाक मारली.

मी आले तेव्हा ते चिडले होते. म्हणाले, "फाटलंय तर फाटलंय म्हणा. मला दिसत नाही म्हणून माझ्या वतीने बघू नका."

पुस्तकातला पुसलेला शब्द तुझा 'अंदाज' असा भरतो की मला स्वतःला हेवा वाटतो. पण ऐकणाऱ्याला न सांगता भरतो. तो सामाईकात आला की केमिस्टच्या घरात आपोआप जाणार, आणि तिथे कुणाच्या घशात काय जाईल ते तुला तिकडून दिसणार नाही. म्हणून मी तुझ्या अर्जाच्या विरोधात बोलणार आहे. आधी सांगते आहे, म्हणजे पाठीत वार केला असं उद्या म्हणू नकोस.

तुझी
ताई


२१ मार्च

घाईराव,

पत्र आलं. चार ओळी, पण निदान मला लिहिलेल्या. "घर तुझं, नियम तुझे, खुर्ची तुझी. ग्रंथालय वापरतंय, शाळा वापरतेय, पाट्यावाली बाई वापरून बघतेय. झाली तीन घरं. आता काय कपाळावर शिक्का मारून हवाय?"

आधी तीन घरांचं बोलू. या तिघांनी तुझा कोड तुझ्याकडून उचलला. एकाच दुकानातून तिघांनी छत्री आणली म्हणून ते तिघं एका कुटुंबातले होत नाहीत. नियम वापराचा नाही, गरजेचा आहे. तीन माणसं, एकमेकांना न विचारता, आपापल्या अडचणीतून एकाच जागी पोचली, तर ती जागा सगळ्यांची. माणसांनी रस्ते असेच केले, मापं अशीच ठरवली, भाषाही अशीच केली. एका हुशार माणसाने उंचावरून वाटलं ते सामाईक नव्हे, ते दान. दानाबद्दल मी त्या माणसाचा सत्कार करीन. त्याला सगळ्यांच्या पायाखालची जमीन म्हणणार नाही.

हे वाचताना "ताईचं भाषण सुरू झालं" असं म्हणाला असशील. हो, झालं. ऐक.

लोकांना वाटतं सामाईक म्हणजे अडगळीची खोली. दोन ठिकाणी सारखं दिसलं की टाक आत. मी सांगून सांगून थकत नाही की दिसायला सारखं असणं वेगळं आणि एका कारणाने सारखं असणं वेगळं. दोन परकी माणसं एका नाकाची असतात. म्हणून एकाला सर्दी झाली की दुसऱ्याला काढा पाजायचा नसतो. कारणं वेगळी असलेला कोड एकत्र बांधला की एका घराने आपल्यासाठी खिळा ठोकला तर दुसऱ्या घराची भिंत तडकते, आणि त्या घरातल्या माणसाला कळतही नाही की ठोकलं कुणी.

आता तुझं "घर तुझं". तू गेल्यानंतरची गोष्ट तुला नानांनी सांगितलेली दिसत नाही. माझा 'विराम' आठवतो? वाचताना आवाजाने कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, हे ठरवणारा, नियम होण्याआधीच आत आलेला कोड. जन्मभर व्यासपीठावर उभी राहून जे शिकले ते सगळं मी त्यात ओतलं होतं. सामाईकातली सर्वांत देखणी गोष्ट होती ती, हे मी म्हणत नाही, केमिस्ट म्हणाला होता, आणि तो स्वतःच्या बायकोचंही कौतुक तपासून करतो.

मागच्या साली पाट्यावाली बाई मंडळात उभी राहिली. तिचा प्रोग्राम वापरणारे एक आजोबा रस्त्याने चालले होते. पाटी होती, "इथे थांबू नका." माझा 'विराम' म्हणाला, "इथे थांबू," आणि पुढे एक अप्रतिम, भारदस्त, सभा जिंकणारी शांतता. आजोबा थांबले. "नका" येईपर्यंत मागच्या सायकलवाल्याने त्यांच्या खानदानाचा उद्धार केला.

ती म्हणाली, याला बाहेर काढा. मी 'विराम'च्या बाजूने असं भाषण ठोकलं की ग्रंथपाल बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी विरोधात हात वर केले. टाळ्या वाजवणाऱ्या हातानेही. शेवटची संधी म्हणून मी मुक्या खुर्चीत बसले. मी, घाईराव. तोंड खिडकीकडे, मागे पेन्सिलीचा टकटक आवाज, आणि प्रत्येक उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर. गप्प राहिले. चूक त्यांना सापडली नाही. माझा कोड माझ्यावाचून कुणाला कळत नव्हता. 'विराम' बाहेर गेला. आता तो पुस्तकांच्या घरात सुखाने राहतो, जिथे त्याला शोभतं.

त्या दिवशी मी घरी ताठ मानेने आले. ज्या जागेतून मला, अध्यक्षाला, नियमाने बाहेर काढता येतं, ती जागा माझी नाही याचा पुरावा मिळाला होता. अशी जागा आपण दोघांनी उभी केली. तू त्यातला अर्धा वाटेकरी आहेस आणि तुला त्याचा अभिमान वाटायचा सोडून राग येतो, हे मला सहन होत नाही.

अर्ज मागे घे, किंवा असा आण की माझं तोंड बंद होईल. दुसरं कुणाला जमलेलं नाही अजून.

ताई


१५ एप्रिल

घाईराव,

नवा अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मग कोड उघडला आणि चहा तसाच गार झाला.

तू 'अंदाज' कापलास. जो भाग पुसलेली अक्षरं भरून काढतो, तुझा लाडका, ज्यासाठी तू घर सोडलंस, तो तू सरळ उचलून बाहेर ठेवलास. "हा ज्याला हवा त्याने आपल्या घरी न्यावा, सामाईकासाठी नाही." आणि त्याच्या खाली जे उरलं तेवढंच दारात आणलंस. कुठलं अक्षर पुसट आहे आणि किती पुसट आहे, एवढंच सांगणारा छोटासा भाग. भरत नाही, ओळखत नाही, तोरा मिरवत नाही. फक्त म्हणतो, इथे खात्री नाही.

मी ताबडतोब केमिस्टला फोन केला. विचारलं, तुमच्याकडे पुसट लेबलांचं काय करता? तो म्हणाला, आम्ही पूर्वीच एक लिहून ठेवलंय, शंका असली की आवाज थांबतो. पाट्यावाल्या बाईला विचारलं. धुळीने माखलेल्या पाट्यांसाठी त्यांनीही लिहिलंय, वेगळ्या नावाने, वेगळ्या पद्धतीने, कुणाला न विचारता. आणि ग्रंथालयाच्या घरात तो तुझ्या 'अंदाज'च्या पोटातच होता. भरण्याआधी कुठे भरायचं हे तुलाही शोधावं लागतच होतं की.

तीन घरं. खरीखुरी तीन घरं. आमच्या नाकासमोर होतं ते इतकी वर्षं, आणि आम्हा कुणाला दिसलं नाही. तुला तिकडे बसून दिसलं.

मी नानांना विचारलं, तुम्ही काही सांगितलंत का याला? ते म्हणाले, "मी फक्त थेंबांची गोष्ट सांगितली. त्याने ती मला पुन्हा सांगायला लावली. मग बाटलीवर खरं काय होतं ते विचारलं." मग म्हणाले, "त्याच्या जिव्हारी लागलं असणार. माझ्यासाठी लिहिलेली गोष्ट माझ्याच डोळ्यांत आठ थेंब घालायला निघाली होती."

आता कामाचं. सभा ९ मे रोजी, ग्रंथालयाच्या तळमजल्यावरच्या त्याच खोलीत. मी बहीण आहे म्हणून त्या दिवशी अध्यक्षपद केमिस्टकडे देते आहे, आणि मत देणार नाही. शोधणार ग्रंथपाल बाई. मी मुद्दाम नेमलेलं नाही, चिठ्ठी त्यांच्या नावाची निघाली. खुर्ची तीच आहे, एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी. पडद्यावरून हजेरी चालत नाही हे तुला माहीत आहे, स्वतः यावं लागेल.

तुला एक तास गप्प बसावं लागेल. आपल्या घरात जन्मलेल्या माणसाला हे किती कठीण आहे ते मी बसून पाहिलंय.

ताई


११ मे

प्रिय घाईराव,

तू काल गाडीत बसलास आणि मी हे लिहायला घेतलं. तुझी पाठ टेबलाकडे होती. तुला जे दिसलं नाही ते तुला कुणीतरी सांगायला हवं, आणि मी दाराजवळच्या बाकावर बसून सगळं पाहिलं आहे.

ग्रंथपाल बाईंनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि वाचायला बसल्या. चूक पाट्यावाल्या बाईने पेरली होती, आणि बेमालूम पेरली होती. बाई पहिल्यांदा कुठे गेल्या माहीत आहे? सहा वर्षांपूर्वी जिथे गेल्या होत्या त्याच प्रकारच्या जागी. खाली, शेवटाकडे, हिशेब जुळतो तिथे. चूक वर होती. मला दिसली होती. म्हणजे त्या खोलीत तिघं जण जाणत होते, आणि त्यातले दोघं आपल्या घरचे.

टेबलावरचे सगळे तुझ्या पाठीकडे बघायला लागले. केमिस्टने तर पेन खाली ठेवलं. पेन्सिलीच्या आवाजावरून बाई कुठे आहेत हे तुला कळत होतं, मला खात्री आहे, कारण तुझा पाय हलायचा थांबला. डावा हात खुर्चीच्या कडेला घट्ट. मानेमागे घाम. बाई स्वतःशीच म्हणाल्या, "इथेच असणार, इथेच असतं नेहमी." तुझे खांदे वर गेले. मला वाटलं, संपलं.

मग ते खाली आले. तू श्वास सोडलास, इतका हळू की तो खोकल्यात धरता येणार नाही.

माझ्या पिशवीत भाषण होतं. मत नसलं तरी बोलायचा अधिकार होता मला, आणि तुझ्या बाजूने असं काही लिहिलं होतं की खिडक्या हलल्या असत्या. मी पिशवीची चेन उघडली आणि परत लावली. ज्या कोडला माझ्या भाषणाची गरज पडेल तो आत यायच्या लायकीचा नाही. तू खिडकीकडे तोंड करून गप्प होतास, मी दाराकडे पाठ करून.

बाई थकून वर परत आल्या. कोडमध्येच लिहिलेली तुझी टीप त्यांनी मोठ्याने वाचली, स्वतःला समजावी म्हणून. "इथे काय आहे ते आपल्याला कळत नाही. कळत नाही असंच सांगावं. पुढचं ज्याचं त्याने ठरवावं." वाचून थांबल्या. खालची ओळ बघितली. म्हणाल्या, "कळत नाही म्हणतोय, मग कडेचं अक्षर खात्रीचं म्हणून कसं मोजलं?" आणि पेन्सिल ठेवली. एका ओळीचं काम होतं.

तुझ्या शब्दांनी त्यांना तिथे नेलं, तुझ्या तोंडाने नाही. हेच हवं होतं. हेच सहा वर्षांपूर्वीही हवं होतं आणि तेव्हा मी बरोबर होते, हे मी मरेपर्यंत म्हणेन. परवा तू बरोबर होतास, हेही मरेपर्यंत म्हणेन.

हात वर झाले ते तू वळून पाहिलेसच. केमिस्टचा हात सगळ्यांत आधी वर गेला होता, हे मात्र तू वळायच्या आधीचं.

मग तू उठून सरळ माझ्याकडे आलास आणि विचारलंस, "आता बोलू का?"

"बोल की. सगळे ऐकतायत."

वाटलं, तू उट्टं काढशील. अख्खं टेबल कान टवकारून बसलं होतं. तू म्हणालास, "नाना जेवायचे थांबलेत का?"

पाट्यावाली बाई अजून ते सांगून हसते आहे.

घरी काय झालं ते तुझ्यासमोरच झालं, तरी लिहिते, कारण मला परत परत लिहावंसं वाटतंय. मी नानांना सांगितलं की तुमची दोन्ही मुलं एकाच खोलीत तासभर गप्प होती. त्यांनी काळजीने विचारलं, "कोण गेलं?" मग तू त्यांच्यासाठी नवा प्रोग्राम लावून दिलास आणि त्यांनी ती थेंबांची बाटली समोर धरली. बाईसाहेब म्हणाल्या, "रोज, इथे एक आकडा पुसलेला आहे, थेंब." नानांनी बाटली हातात फिरवली, परत धरली, परत तेच ऐकलं.

"बाईसाहेबांना अक्कल आली," ते म्हणाले. आणि मग आवाज चढवून, वर्गात हाक मारायचे तसे, "डोळेवाल्यांपैकी कुणीतरी इकडे या रे."

तू माझ्याआधी पोचलास. घाईच तुझी.

ताई


२ जून

घाईराव,

फोन करणार होते, पण ही बातमी कागदावर मिळायला हवी.

आज सकाळी सामाईकात एक दुरुस्ती आली. पाठवणारा कुठल्या देशातला आहे तेही मला माहीत नाही. जहाजावरच्या खोक्यांवरचे शिक्के वाचायला तो तुझा कोड वापरतो. दमटपणाने अक्षरं फुगतात, आणि फुगलेलं अक्षर तुझ्या कोडला खात्रीचं वाटत होतं. त्याने कोड वाचला, तुझी टीप वाचली, जागा शोधली, ओळ बदलली, परत पाठवली. आम्हाला एक प्रश्न विचारला नाही. केमिस्टने तपासून बघितली, बाटल्यांनाही तीच अडचण निघाली. दुपारी ती आत घेतली.

तुझी ती ओळ आता तिथे नाही. त्याची आहे. वाईट वाटलं तर वाटू दे, पण ताठ बसून वाटू दे.

नानांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे आता त्या कोडला घाईरावाची गरज नाही?"

मी म्हटलं, नाही.

"आणि तुझी?"

"माझीही नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. म्हणाले, "चला, पोरगं आपल्या पायावर उभं राहिलं."

त्या अनोळखी माणसाला मी आभाराची एक ओळ लिहिली. हा कोड कुणी लिहिला असं त्याने विचारलं नव्हतं. माझ्या धाकट्या भावाने लिहिला, सहा वर्षं लागली त्याला, आणि शेवटी तो मान खाली न घालता गप्प बसला, हे सगळं माझ्या ओठावर आलं होतं. पानभर झालं असतं.

नाही लिहिलं. खिडकीकडे तोंड करून बसले.

तुझी
ताई